तोमासाच्या अंगणातला खजूर

तोमासाच्या अंगणात एकतीस वर्षं एक खजुराचं झाड होतं आणि एकतीस वर्षांत त्याला एकही फळ लागलं नाही. ते पाडताना करवतीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळून तुम्ही मला नावं ठेवण्यापेक्षा हे बरं.

मी कासिमिरा. पुंता मेस्किते या समुद्रकाठच्या गावात तोमासाच्या समोरच्या घरात राहते, गव्हाच्या तोर्तिया, म्हणजे पातळ पोळ्या, आणि बकरीचं चीज विकते. तिच्या मुलीची मी धर्ममाता, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो आणि तिचा नवरा इलारियो माझा कोम्पाद्रे. मुलगी लग्न करून तिहुआनाला गेली. माझा नवरा पोन्सियानो जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या दारातली खुर्ची त्यांच्या अंगणाकडे तोंड करून असते. लोक म्हणतात, कासिमिराला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय आहे. मी फक्त बघते. आमच्या गावात माती, घरं, कुत्री आणि डोंगर सगळं एकाच रंगाचं आहे. बघण्यासारखं समोर तेवढंच अंगण आहे.

तोमासा मूळची डोंगरातली. तिच्या माहेरी झरा आहे, खजूर आहेत, अंजिरं आहेत, द्राक्षांचे वेल आहेत. बावीस वर्षांची असताना इलारियोशी लग्न करून ती इथं समुद्रावर आली. ट्रकमधून उतरली, चारी बाजूंना नजर फिरवली आणि विचारलं, "इथं बकऱ्या खातात काय?"

इलारियो म्हणाला, "पुठ्ठे."

तो थट्टा करत नव्हता. तोमासानं त्या दिवशी ट्रकचा ड्रायव्हर परत कधी जाणार याची चौकशी केली होती, हे मला त्या ड्रायव्हरनंच सांगितलं. पण ती राहिली. तिनं इलारियोला अट घातली, "मासे तू बघ, हिरवं मी बघते. पण माती तू आणायची." आणि बिचाऱ्यानं आणली. वादळानंतर कोरड्या नदीच्या पात्रात गाळ साचतो, तो पोत्यात भरून, खांद्यावरून, एकतीस वर्षं. त्याची पहिली होडी तळाला फुटली तेव्हा तिनं ती किनाऱ्यावर सडू दिली नाही. पाच माणसांना जेवू घालून ती अंगणात उचलून आणवली आणि त्या गाळानं काठोकाठ भरली. अजून त्या होडीत कोथिंबीर, कांदे, पुदिना आणि मण्याएवढ्या लाल मिरच्या येतात. पलीकडे लिंबू, डाळिंब, अंजीर आणि कुंपणावर जांभळी बोगनवेल. बसायला देवमाशाच्या मणक्याचं हाड. पाण्याचा टँकर मंगळवारी येतो, आला तर. तिच्या घरात पाणी आधी तांदूळ धुतं, मग ताटं, मग इलारियोचे पाय, आणि शेवटी झाडांकडे जातं. पाहुण्यानं पेल्यात पाणी उरवलं तर तोमासा तो पेला त्याच्यासमोर लिंबाच्या बुंध्याशी ओतून येते. मला तिनं दोनदा असं लाजवलं आहे.

इलारियो बोलायला कंजूष. पण बायकोला फिरवायला मात्र त्याला फार आवडायचं. आमच्या गावातले पुरुष बायकोला बाहेर नेतात ते तिच्या माहेरच्या अंत्यविधीला. इलारियोचं तसं नव्हतं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात तो तिला होडीत घालून समोरच्या बेटावर न्यायचा आणि चार-पाच दिवस दोघं वाळूत तंबू ठोकून राहायचे. एका वर्षी मीही गेले होते. शिंपले भाजण्यावरून दोघांचं दर वर्षी भांडण व्हायचं. शिंपले उलटे, सांधा वर करून वाळूत रोवायचे असतात आणि वर सुकी झुडपं पेटवायची असतात. सांधा खाली गेला की शिंपलं तोंड उघडतं आणि सगळा रस राखेत जातो. इलारियो एखादं हटकून चुकीचं लावायचा.

"डोळे फुटलेत का तुझे?" तोमासा म्हणायची.

"एक तुझ्यासाठी ठेवलं, म्हातारे. ओरडायला काहीतरी नको का?"

ती पंचविशीत होती तेव्हापासून तो तिला म्हातारे म्हणतो.

ऑगस्टमध्ये डोंगरात निवडुंगाची पितायाची फळं पिकली की दोघं खेचर घेऊन जायचे. लांब काठीला खिळा लावलेला, काठी त्याच्या हातात आणि हुकूम तिचा. एकदा खेचर पळून गेलं आणि दोघं दीड दिवस चालत परत आली, अंगभर काटे आणि तोंडं फळांनी लालभडक. माझ्या दारात बसून मी चिमट्यानं काटे काढत होते आणि ही दोघं कुणामुळे खेचर सुटलं यावर हसत होती. मला तेव्हा हेवा वाटला. आता लपवून काय करायचं?

एका ठिकाणी मात्र तो तिला कधीच न्यायचा नाही. आमच्याकडे जुन्या कोळ्याची समुद्रात एक जागा असते. पाण्याखालचा खडक, जिथं मासा हमखास मिळतो. वरून काहीच दिसत नाही. जागा सापडते ती किनाऱ्यावरच्या खुणा धरून, आणि त्या खुणा माणूस कुणाला सांगत नाही. भावाला नाही, बायकोला तर नाहीच. मरताना मुलाच्या कानात सांगतात. पोन्सियानोला मुलगा नव्हता. त्याची जागा त्याच्याबरोबर गेली.

आता खजुराकडे येते.

इलारियोनं तो लग्नाच्या वर्षी लावला. रोपटं आणलं होतं कुकाच्या बापाच्या बागेतून. कुका म्हणजे इलारियो लग्नाआधी सलग दोन वर्षं गावजत्रेत जिच्याबरोबर नाचला ती. तिच्या बापानं त्याला रोपटं दिलं ते नर झाडाचं. माझं तेव्हापासून म्हणणं आहे की म्हाताऱ्यानं मुद्दाम दिलं. पाचव्या-सहाव्या वर्षी फुलोरा आला आणि तोमासानं खालूनच ओळखलं, ती खजुरांत वाढलेली. म्हणाली, "याला जन्मात फळ यायचं नाही." इलारियो म्हणाला, "मग तोडून टाकू." पण आज तोडू, उद्या तोडू करत ते राहिलं आणि उंच होत गेलं.

मग सतरा वर्षांपूर्वी मोठं वादळ आलं. चर्चचं छप्पर गेलं, टेकडीवरचा तो प्रचंड कार्दोन निवडुंग, आमच्या आजोबांच्याही आधीचा, मुळासकट पडला. खजूर राहिला. त्या हिवाळ्यात तोमासानं पुन्हा तोडायचं काढलं तर इलारियो म्हणाला, "नाही."

"का नाही?"

"राहू दे."

"दहा वर्षं तूच म्हणत होतास ना तोडू म्हणून?"

"आता नाही म्हणतो."

आणि योगायोग बघा, त्याच हिवाळ्यात कुका विधवा होऊन गावात परत आली आणि तिनं बेकरी उघडली. दोन आणि दोन मी चार केले. तोमासाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं, मी तिला म्हणाले, "कोमाद्रे, झाड कुणाकडचं आहे ते आठवतंय ना?" म्हणताना मला मोठी हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

तेव्हापासून सोळा वर्षं ती त्या झाडाला पाणी घालायची आणि शिव्या द्यायची. "घे, रांडेच्या. घे, फुकट्या." लिंबाला एक तांब्या कमी पडायचा तो खजुराच्या नावावर. इलारियो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. कुकाच्या बेकरीचा पाव त्या घरात कधी आला नाही. बाकी संसार सुखाचा होता. पायात खडा राहावा तसं ते झाड त्या संसारात राहिलं.

गेल्या वर्षी सप्टेंबरात टँकर तीन मंगळवार आला नाही. लिंबाची पानं वळायला लागली. तोमासा चिडचिडी झाली होती. अशात एका संध्याकाळी कुका पावाची टोपली घेऊन कुंपणाजवळून चालली होती. थांबली, वर बघितलं आणि गोड आवाजात म्हणाली, "बाबांच्या बागेतलं ना हे? किती जपलंय इलारियोनं!"

मी माझ्या खुर्चीवरून तोमासाचा चेहरा बघितला आणि चीज झाकून ठेवलं, कारण आता उठावं लागणार हे मला कळलं.

दुसऱ्याच दिवशी इलारियो होडीची मोटर दुरुस्त करायला लोरेतोला गेला. बस वळणाआड गेली आणि तोमासा माझ्या दारात.

"पोन्सियानोची मोठी करवत आहे ना अजून?"

"आहे. गंजलीय."

"चालेल. चल."

"कोमाद्रे, तो आल्यावर काय सांगशील?"

"सांगेन की लिंबू तहानेनं मरत होतं. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. सकाळी आठला लागलो ते दुपारचा एक वाजला. खजुराचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, काथ्याचा गठ्ठा. करवत त्यात अडकून बसते. कमरेइतक्या उंचीवर कापलं, त्याखाली वाकायचं आम्हा दोघींचं वय नाही. झाड पडलं ते बोगनवेलीवर, आणि अर्धं कुंपण घेऊन गेलं. तोमासानं बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "झालं एकदाचं." मग आत जाऊन तोंड धुतलं आणि ते पाणी लिंबाला घातलं.

इलारियो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. खांद्यावर मोटरीचा सुटा भाग होता. कुंपणाच्या भगदाडापाशी तो थांबला, टोपी काढली आणि आडव्या पडलेल्या झाडाकडे बघत राहिला. मी खुर्चीत होते. दूध उतू चाललं तरी उठले नाही.

"सगळाच कापलास?" त्यानं विचारलं.

"मग काय, अर्धा ठेवायचा होता?"

तो देवमाशाच्या मणक्यावर बसला. एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. तोमासानं भांडणाची सगळी तयारी केली होती, सोळा वर्षांची. ती तशीच राहिली.

त्यानंतर तो रोज पहाटे होडी काढायचा आणि दुपारी परत यायचा, बादलीच्या तळाशी चार मासे घेऊन. घरी आला की बुंध्याजवळ बसायचा. जेवायचा, पण काय जेवला ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एकदा मी बघितलं, तो बुंध्यावरून हात फिरवत होता. तोमासानंही बघितलं.

सहाव्या दिवशी ती गाठोडं घेऊन माझ्याकडे आली. "त्याला त्याच्या झाडाचं सुतक पाळू दे. मी इथं राहते."

"कोमाद्रे, एकतीस वर्षांनी?"

"एकतीस वर्षं मी त्या बाईच्या झाडाला पाणी घातलं. आता तो रडतोय तिच्यासाठी, माझ्या डोळ्यांसमोर. नाही सहन होत." आणि ती रडली. मी तिला तीस वर्षांत दोनदा रडताना बघितलं होतं, दोन्ही वेळा घरात कुणी गेलं होतं. कुकाचं नाव तिच्या डोक्यात भरवलं होतं मी. म्हणाले, "चार दिवस राहा, डोकं शांत होईल." दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी इलारियो माझ्या दारात आला. आत आला नाही. बादली उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाला, "मासे तीच साफ करते." आणि गेला. घर सोडून गेलेल्या बायकोला मासे साफ करायला पाठवणारा माणूस! मी तोंड उघडणारच होते, पण तोमासा सुरी घेऊन बसलीसुद्धा. हाताला सवय असते.

तिनं पहिला मासा फाडला. मग दुसरा. मग हात थांबला.

"कोमाद्रे, इकडे ये. हे बघ."

"काय बघू? मासा आहे."

"पोटात वाळू आहे, किडे आहेत. रंग बघ, फिकट. हा वाळूतला मासा आहे. इलारियोच्या पार्गो माशांच्या पोटात लाल खेकडे असतात, बारीक, खडकातले. मी एकतीस वर्षं तेच काढून टाकतेय." तिनं तिसरा फाडला. वाळू. "तिकडेही गेला आठवडाभर असेच होते. मी साफ करत होते आणि माझं लक्षच नव्हतं रागात."

"म्हणजे तो त्याच्या जागेवर जात नाहीये?"

"जात नाही, की जागा सापडत नाही?"

तिनं सुरी खाली ठेवली. मग एकेक शब्द सावकाश काढत तिनं विचारलं, "टेकडीवरचा कार्दोन कधी पडला?"

"मोठ्या वादळात."

"आणि इलारियो खजूर तोडू देईना, ते कधीपासून?"

मी कोळ्याची बायको. माझ्या लगेच लक्षात आलं. कोळ्यांच्या जागा अशा सापडतात: किनाऱ्यावरची एखादी उंच वस्तू मागच्या डोंगरातल्या खाचेखाली आणायची, ती झाली एक रेघ. दुसरी रेघ बेटाच्या बाजूनं अशीच. दोन रेघा जिथं एकमेकींना कापतात तिथं खाली खडक. एक खूण गेली की हातात नुसती रेघ उरते, आणि त्या रेघेवर माणूस आयुष्यभर मागंपुढं करू शकतो. फार शोधाशोधही करता येत नाही, कारण बाकीच्या होड्या बघत असतात. इलारियोची खूण असलेला कार्दोन पडला तेव्हा त्याला जवळ दुसरी उंच वस्तू एकच होती, हा खजूर.

"मी त्याचे डोळे काढून घेतले, कोमाद्रे," तोमासा म्हणाली.

"आपण," मी म्हणाले. "आपण दोघींनी. आणि तो मुका आहे का? सांगायला काय झालं होतं त्याला?"

"सांगत नसतात ना."

तिनं उरलेले मासे साफ केले, बादली धुतली, ते पाणी माझ्या एकुलत्या कोरफडीला घातलं आणि गाठोडं उचलून घरी गेली. त्याला काही बोलली नाही. एवढं मी खुर्चीवरून सांगू शकते, कारण बोलली असती तर मला ऐकू आलं असतं.

सकाळी इलारियोची होडी गेली आणि तिनं मला हाक मारली. तिच्या लग्नातलं कपाट आहे, ला पासहून जहाजानं आलेलं, दाराला माणसाएवढा आरसा. तिनं ते दार बिजागरीतून काढलं होतं. आम्ही दोघींनी ते उचलून बुंध्यापाशी आणलं.

"तू काय करतेयस?"

"मला वर चढव."

त्रेपन्न वर्षांची बाई, वजन माझ्याहून जास्त. मी खांदा दिला, ती गुडघ्यावर, मग पायांवर बुंध्यावर उभी राहिली. मी खालून दार वर सरकवलं आणि तिच्या कमरेला मिठी मारून उभी राहिले. सूर्य बेटाच्या वर हातभर आला होता. तिनं आरसा समुद्राकडे केला आणि हळूहळू हलवायला लागली, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. उन्हाचा पट्टा माझ्या घरावरून गेला, किनाऱ्यावरून गेला आणि पाण्यात नाहीसा झाला.

"दिसतोय का तो?" मी विचारलं.

"ठिपका दिसतोय. आहे तिथंच आहे."

हात भरून आले तसा आरसा थरथरायला लागला. थरथरला ते बरंच झालं, थरथरणारा आरसा लांबून लुकलुकतो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "वळला." मग म्हणाली, "चालला. उत्तरेकडं. सावकाश चालला." मी तिच्या परकरात तोंड खुपसून उभी, मला काय दिसणार?

"कोमाद्रे?" मी खालून विचारलं.

"थांबला."

"मग उतर आता. माझी कंबर गेली."

"नांगर टाकला नसेल अजून. वाहत गेला तर?"

आणि ती उतरली नाही. किती वेळ ते मला माहीत नाही. माझ्या तव्यावरच्या तोर्तियांचा कोळसा झाला एवढं माहीत आहे.

इलारियो दुपारी आला तेव्हा बादली त्याला दोन्ही हातांनी उचलावी लागत होती. त्यानं ती तिच्यासमोर ठेवली. दार काढलेलं कपाट आत उघडंवाघडं उभं होतं, आरसा भिंतीला टेकवलेला. त्यानं आरशाकडे बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तिनं पहिला पार्गो फाडला, पोटात बोट घातलं आणि बारीक लाल खेकडा बाहेर काढून बोटाच्या टोकावर त्याला दाखवला.

"मला एकदा सांगायचं तरी, म्हाताऱ्या."

"तुला सांगितलं असतं तर कोमाद्रेला कळलं असतं," इलारियो म्हणाला.

मी भगदाडातच उभी होते. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खरं तेच बोलला.

"मी समजत होते तू कुकासाठी रडतोयस."

"कुका?" त्याला खरोखर आठवावं लागलं. "बेकरीवाली?"

तोमासा हसायला लागली आणि तिला हसू आवरेना. त्या रात्रीसाठी, मी गुपचूप सांगते, मी स्वतः जाऊन कुकाच्या बेकरीतून पाव आणला.

शनिवारी इलारियो माझ्या दारात आला. टोपी हातात. "कोमाद्रे, उद्या सकाळी तुमचे हात मोकळे आहेत का?"

"कशाला?"

"तोमासा माझ्याबरोबर येतेय."

रविवारी सकाळी मी, साठ वर्षांची बाई, चर्च सोडून त्या बुंध्यावर उभी होते, हातात कपाटाचं दार. कमरेला धरायलाही कुणी नव्हतं. जाणारे येणारे विचारत होते, "कासिमिरा, देव बोलावतोय का?" मी म्हणाले, "हो, तुमची चौकशी करतोय." समुद्रावर ठिपका वळला, उत्तरेला गेला, थांबला. मीही उतरले नाही. वाहत गेले असते तर?

तोमासा दुपारी परत आली. नाक भाजलेलं, पाय मिठानं पांढरे. बादली ठेवून ती मणक्यावर बसली आणि कितीतरी वेळ आपल्या झाडांकडे बघत राहिली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"गाव दिसतच नाही, कोमाद्रे. तुझं घर नाही, चर्च नाही. सगळं मातीत मिसळून जातं. लांबलचक कोरडा किनारा, आणि त्यात नखाएवढा हिरवा ठिपका. तो माझा. त्यात तुझा आरसा." तिनं पायावरचं मीठ झटकलं. "तो म्हणाला, आधी मी खजूर बघायचो, खजुरावरून खाली यायचो, आणि हिरवं दिसलं की कळायचं तू उठलीस, पाणी घालतेयस. सोळा वर्षं रोज सकाळी. आणि मी इकडे त्याच झाडाला शिव्या देत होते."

मी तिचा हात हातात घेतला. खांदे दुखत होते तरी मला फार बरं वाटलं. मग थोड्या वेळानं, अगदी सहज, मी विचारलं, "आणि बेटाकडची खूण कुठली गं?"

या बाईनं मला सगळं सांगितलं आहे. लग्नाची पहिली रात्र, सासूची भांडणं, मूळव्याध, सगळं. ती उठली, सुरी धुतली, परकराला पुसली आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "कसली खूण?"

आता इलारियोनं आरसा एका उंच खांबावर कायमचा बसवला आहे आणि बुंध्याशेजारी नवं रोपटं लावलं आहे. तोमासानं माहेरून आणलेलं, मादी. त्याला उंच व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतील. बेटाकडच्या खुणेचं मी पुन्हा काढलं नाही. त्या दिवशी खुर्चीवर येऊन बसले तेव्हा मला राग यायला हवा होता, मी वाटही बघितली, पण आला नाही. माझ्या पोन्सियानोनं मला कधी एवढं सांगितलं असतं, तर मीही कुणाला सांगितलं नसतं.